पत्रकातली पन्नास पावलं

त्या सकाळी मी देवापुढं नारळ फोडला. सण नव्हता, एकादशी नव्हती, घरात कोणाचं लग्नकार्य नव्हतं. आदल्या दिवशीच्या टपालानं एक पोस्टकार्ड आलं होतं, त्याचा तो आनंद. अर्जुनी मोरगावकडच्या एका गावाचे पाटील लिहीत होते, ‘आपन फागनात सांगून गेले त्याप्रमाने संडास केले. समदा गाव जाते. मिरगाच्या आंधी एकडाव येऊन पाहून जावे.’ मी खोबऱ्याचे तुकडे केले आणि शेजारीपाजारी वाटले. कशाचा प्रसाद, असं लोक विचारत होते आणि मला सांगता येत नव्हतं.

त्या गावाचं खरं नाव मी इथं देत नाही. तिथं लग्नाच्या मुली आहेत आणि पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाची सोयरीक अडायला नको. आपण त्याला डोंगरबोडी म्हणू.

मी गोंदियाच्या एका धानगिरणीत मुनीम आहे. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. संध्याकाळी आमचं भजनी मंडळ बसतं. दुसरी मोठी लढाई संपायच्या आधीपासून आम्ही दर फाल्गुनात, धान घरात आलं की, खेड्यांतून फिरतो. आधी भजन, मग मी अर्धा तास बोलतो: उघड्यावर बसू नये, माशी कुठून उठते आणि कुठं बसते, महामारी पाण्यातून कशी येते. मी एक पत्रकही छापून घेतलं होतं. दोन हात खोल चर खणावा, बांबूचे ताटवे लावावेत, प्रत्येकानं उठताना माती लोटावी, चार महिन्यांत सोन्यासारखं खत होतं, आणि चर पिण्याच्या पाण्यापासून पन्नास पावलं दूर असावा. यंदा आम्ही अकरा गावं केली. दहा गावांनी भजन ऐकलं, चहा पाजला आणि पत्रकाच्या विड्या वळल्या. अकराव्या गावानं चर खणला. नारळ का फोडला ते आता लक्षात यावं.

मंडळातले बाकीचे बी-बियाण्याच्या घाईत होते, म्हणून मी एकटाच निघालो. गोंदियाहून चांद्याकडं जाणारी छोटी गाडी सकाळी सुटते. तिसऱ्या वर्गात बसायला जागा मिळते, पण खिडकीची फळी वर टिकत नाही, तेव्हा सोबत सुतळीचा तुकडा असू द्यावा. डोळ्यांत कोळशाचे कण जातात, त्यासाठी ओला पंचा. सौंदडला गाडी बराच वेळ थांबते. तिथं तेंदूची टेंभरं आणि चारोळीची चारं विकणाऱ्या बाया खिडकीशी येतात. पानाच्या द्रोणातली चारं एका आण्यात पोटभर होतात.

समोर एक कापडवाला बसला होता. नवेगावच्या बाजाराला निघाला होता. त्यानं विचारलं, “कुठं चालले मुनीमजी?”

मी खरं ते सांगितलं. “एका गावानं संडास केलेत, ते पाहायला.”

तो डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “घ्या! लोग नवेगावचा बांध पाहाले येतेत, आनि हे संडास पाहाले चालले!” सगळा डबा हसला. मीही हसलो. त्या दिवशी मला कोणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

अर्जुनीला उतरलो तेव्हा उन्हानं जमीन फुटत होती. स्टेशनाबाहेर कडुलिंबाखाली बैलगाड्या उभ्या असतात. डोंगरबोडी चार कोस. गाडीवानानं दीड रुपया सांगितला, सव्वावर आला. बुधराम त्याचं नाव, शेजारच्या टोलीतला, म्हणजे पाड्यातला, गोंड. जायचं असेल त्यांनी ऊन उतरल्यावरच निघावं आणि पाण्याची सुरई बरोबर घ्यावी, कारण मधले दोन्ही नाले कोरडे असतात. रस्ता बराचसा साजा-मोहाच्या रानातून आहे. मोहाची फुलं संपली होती, झाडाखालच्या जाळलेल्या पाल्याचे काळे गोल तेवढे राहिले होते.

पहिला नाला ओलांडल्यावर बुधराम म्हणाला, “तुमीच का जी ते हागनदारीवाले बुवा?”

“मीच.”

“आमच्या टोलीत लोक हासतेत. म्हनतेत, डोंगरबोडीवाले आता टाइम पाहून बसतेत.” त्यानं बैलाची शेपटी मुरगळली. “पन हासू नये. त्या गावानं पाहिलं हाये ना जी.”

त्यानं पाहिलं म्हटलं ते मलाही ठाऊक होतं. दोन वर्षांआधी महामारीनं त्या गावात घरंच्या घरं ओस केली होती. तुळसाबाई नावाच्या बाईचा नवरा सकाळी आणि दीर त्याच दिवशी संध्याकाळी गेला. फाल्गुनात मी बोलत होतो तेव्हा ही बाई पुढं येऊन बसली होती आणि माशीची गोष्ट तिनं मला दोनदा सांगायला लावली होती. बाकीच्या दहा गावांनी विड्या वळल्या आणि या गावानं कुदळी काढल्या, त्याचं कारण हे.

दिवस मावळता मावळता पोहोचलो. मोतीराम पाटील वेशीवरच उभे होते. सत्तरीचे, काटक, हातात बारा महिने कुदळीच्या दांड्यासारखी सरळ काठी. त्यांचं घराणं म्हणजे पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणारं. पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठं घालायची, सांडवा कुठं काढायचा, हे त्यांना जमिनीकडं नुसतं पाहून कळतं. जेवायला भात, लाखोरीची डाळ, आंब्याचं पन्हं. पाहुणा म्हणून तुळसाबाईनं घरची जवसाची चटणी आणून वाढली आणि म्हणाली, “उद्या पाहा जी, तुमच्या कागदावरचं एक अक्षर सोडलं नाई आमी.”

दुसऱ्या दिवशी आंघोळ, जप आटोपून मी तयार झालो. पाटलांसोबत दहाबारा माणसं, मागं बाया. वाटेवर आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं, मन भरून आलं. मग लक्षात आलं की आपण तलावाची पाळ चढतो आहोत. म्हटलं, पाळीवरून दाखवत असतील. पण पाटील पाळीच्या आतल्या अंगाला उतरू लागले.

“पाटील, हे तर आपण तलावात उतरून राहिलो.”

“हो जी. संडास पाहाले नाई का?”

जेठातला तलाव. पाणी पार मधे, थाळीएवढं. भोवताली भेगाळलेली चिखलाची जमीन. त्या जमिनीवर, पाण्याकडं तोंड करून, ताटव्यांच्या दोन सुंदर ओळी उभ्या होत्या. एक पुरुषांची, एक बायांची. मधे वाट झाडलेली. वाटेवर सडा टाकून रांगोळी काढलेली.

पाटील अभिमानानं सांगत होते, “कागदात पन्नास पावलं लिहून हाये. आमी साठ सोडले. दोरी लावून मोजले.”

मी पाण्याच्या कडेपासून चालत गेलो. साठाच्या वरच भरली; चर खणल्यापासून पाणी आणखी मागं गेलं होतं.

“पण पाटील,” मी म्हणालो, “हे पाणी जेठाचं आहे. सावनात पाणी कुठवर येतं?”

त्यांनी काठीनं पाळीच्या वरच्या दगडाकडं दाखवलं. तो दगड ताटव्यांच्या डोक्यावर पुरुषभर उंच होता.

मी त्या दगडापासून चरांपर्यंत नजर नेली. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट दिसली. दरवर्षी मृगाआधी हे लोक तलावातला गाळ खरवडून गाड्यांनी धानाच्या बांध्यांत नेतात. यंदाही नेला होता. सगळा तलाव खरवडलेला, स्वच्छ, चाकोऱ्याच चाकोऱ्या. फक्त चरांचा पट्टा तसाच सोडलेला होता. गाड्या त्याला वळसा घालून गेल्या होत्या. भादरलेल्या डोक्यावर शेंडी राहावी तसा तो पट्टा उभा होता.

पावसाला आठ दिवस राहिले असतील. पहिला मोठा पाऊस आला की ओढ्यांचं पाणी खाली येईल, चर भरतील, उफाळतील, आणि तीन महिन्यांचं सगळ्या गावाचं ते सगळं तलावात मिसळेल. विहीर या गावात एक, तीही आटलेली. वर्षभर सगळे हेच पाणी गाळून पितात. आदल्या रात्री मीही तेच प्यायलो होतो.

“तुम्ही तलाव बांधणारे,” मी म्हणालो, “तुम्हाला कळलं कसं नाही?”

पाटलांना ते लागलं. “कळलं कसं नाई? पानी येते हे आमाले सांगाव लागते का? आमी हिशेबानं केलं जी. कागदात खत होते म्हनून लिहून हाये. माती नरम कुठं? तलावात. गाळ निघते कदी? मिरगाच्या आंधी. गाळासंगं हेबी निघंल, बांधीत जाईल. पानी यायच्या आंधी सप्पा साफ.”

हिशेब अगदी चोख होता. त्यात एकच जागा रिकामी होती.

“मग काढलं का नाही?”

मागून एक तरणा गडी म्हणाला, “ज्याचं त्यानं ओळखून न्यावं, असं ठरवून राहिले होते जी.”

“माझं मी ओळखते,” तुळसाबाई फाडकन म्हणाली, “तुजं तू ओळख!” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गडी माणसंही हसली. मला मात्र हसू येईना.

पाटीलही हसले नाहीत. ते माझ्यामागं पाळीकडं पाहत होते. “आमी तुमची वाट पाहून राहिलो होतो. तुमी एकलेच आले?”

“हो. का?”

“मेहतर नाई आनला?”

त्यांचा तो प्रश्न अगदी साधा होता. शहरात संडास आहेत, शहरात ते काढायला माणूस असतो. शहरातला बुवा येऊन संडास करायला सांगतो, तर माणूसही तोच पाठवील. यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. पोस्टकार्डावर मृगाच्या आधी यावं असं लिहिलं होतं, त्याचं कारण मला तिथं, त्या भेगाळलेल्या जमिनीवर कळलं. आणि मी नारळ फोडला होता.

“मेहतर कशाला?” मी म्हणालो. “हे आपलं आपण करायचं काम आहे. पत्रकात तसंच लिहिलं आहे.” मी पुढंही बराच बोललो. आईचं उदाहरण दिलं, मुलाची घाण ती स्वतःच काढते वगैरे. फाल्गुनात हे बोललो होतो तेव्हा माना डोलल्या होत्या.

तुळसाबाईनं मधेच विचारलं, “तुमच्या घरी कोन काढते जी?”

आमचं घर गोंदियात. टोपलीचा संडास. मागच्या गल्लीत एक लोखंडी पत्र्याचं झाकण आहे, तिथून काढतात. मी म्हणालो, “एक बाई येते.”

“कोन? नाव काय तिचं?”

खेड्यात हे कोणाबद्दलही विचारतात. कोणाची, कुठली, नाव काय. नऊ वर्षं ती बाई येते. मला नाव माहीत नव्हतं. चेहराही डोळ्यांपुढं येईना. ती यायच्या वेळेला आम्ही मागचं दार लावून घेतो.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मंग आमालेच कायले सांगता?” ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

मला या प्रवासात पुष्कळ गोष्टींचा धक्का बसला, पण त्या एका प्रश्नानं मी जसा हादरलो तसा कशानंच नाही. चार वर्षं मी गावोगाव बोलत होतो, आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तरी स्वतःला कुठं विचारला होता? आणि पत्रकाचं म्हणाल तर ते मी एका पुस्तिकेवरून उतरवलं होतं. काळ्या मातीच्या, विहिरींच्या मुलखात लिहिलेली पुस्तिका. विहीर जागची हलत नाही, म्हणून तिथं पन्नास पावलं पुरतात. मी तिरोड्याकडचा, तलावाकाठी वाढलेला माणूस, मला हे सुचू नये? खुंट्याला बांधल्यासारख्या पाण्याचं माप मी कड सरकणाऱ्या पाण्याला लावलं होतं.

मी पाटलांकडं फावडं मागितलं. त्यांनी दिलं नाही. “पाहुन्यानं हे करू नये,” म्हणाले. मग मी एका ताटव्यामागं टेकवलेलं, माती लोटायचं फावडं उचललं. टोपली सापडली. नेहमी जप करतो ते नाव मनात घेतलं आणि सगळ्यात नव्या चराशी गेलो.

जुन्या चरांमधलं बहुतेक माती झालं होतं, हे खरं. वास नव्हता, हाताला भुसभुशीत लागत होतं. पत्रक तिथं खोटं ठरलं नाही. पण शेवटच्या महिन्याचं तसं नव्हतं. पहिली टोपली भरली, उचलली आणि दहा पावलांवर ती खाली ठेवून मला ओकारी झाली. मी तोंड पुसलं, पुन्हा उचलली. पाळ चढायची होती, आणि चढताना एक विचार एकसारखा येत होता की नऊ वर्षं ती बाई हे डोक्यावर घेऊन जाते.

पाळीच्या पलीकडं मी टोपली ओतायला लागलो तसे पाटील खालून ओरडले, “तिथं नोको! तिथं नोको टाकू जी!” ते धावतच वर आले. या वयात. “पाळीखालून झिरपा हाये. तिथं टाकलं तं बांधीतून नालीतल्या झिऱ्यात येते, तिथं ढोरं पानी पितेत.” मग काठी टेकत ते मला दूर एका खडकाळ उतारावर घेऊन गेले, गुडघ्यांवर बसले, जमीन चाचपली, सुरईतलं पाणी ओतून ते कुठं जातं ते पाहिलं. “इथं खना. इथलं पानी तलावाले भेटत नाई, झिऱ्याले भेटत नाई. माझ्या आज्यानं ही बाजू सोडून देली होती, पानी राहात नाई म्हनून.”

“हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं?”

“तुमी कुठं इचारलं? तुमी कागद देला.”

आम्ही वर खड्डा खणायला घेतला, मी आणि ते. थोड्या वेळानं पाहतो तर तुळसाबाई डोक्यावर टोपली घेऊन पाळ चढत होती. नाकाला पदर बांधलेला. टोपली रिकामी करून ती म्हणाली, “माह्या नवऱ्याले पानी पाजलं होतं मी, याच तलावाचं. सरा, खड्डा अजून मोठा लागते.”

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. चौथा तो मघाचा तरणा गडी, ‘ओळखून न्यावं’वाला. तो पूर्ण वेळ टोपल्यांना माणसांची नावं देत होता, “ही सदूभाऊची, ही कोतवालाची, जड हाये, भात लय खाते.” ओकाऱ्या थांबल्या त्या त्याच्यामुळं. दुसऱ्या दिवशी बारा-पंधरा माणसं आली. तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या, पण बैल जुंपले ते निम्म्याच घरांनी. पाटलांच्या सख्ख्या भावानं आपल्या घरचं कोणी येऊ दिलं नाही, आणि तुळसाबाईला त्याच्या अंगणातून जायची मनाई केली. ती दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली. हे मी गोड करून लिहीत नाही, कारण ज्यांना असं काम करायला कुठं जायचं आहे त्यांनी हे धरूनच जावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टा तलावाच्या तळाशी सपाट झाला. वरची टिचभर मातीही खरवडून नेली. मग पाटलांनी गावाला पाळीवर बोलावलं आणि सांडव्याजवळच्या दगडापासून, म्हणजे भरल्या तलावाच्या कडेपासून, दोरी धरली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चार जागी पाणी ओतून उतार पाहिला आणि मगच बाहेरच्या अंगाला नव्या चरांच्या खुणा केल्या. कोण किती दिवस जाईल ते देव जाणे. त्या दिवशीसुद्धा तांब्या घेऊन रानाकडं जाणारे मला दिसलेच. पण तलाव स्वच्छ होता. आभाळ भरून आलं तरी आता भीती नव्हती.

निघताना तुळसाबाईनं चटणीची पुडी दिली. “नाव इचारा जी तिचं,” एवढंच म्हणाली.

परतीला मी वेगळी वाट धरली. बुधरामची गाडी तेंदूपत्त्याची पोती घेऊन कोहमाऱ्याला निघाली होती, त्यात बसलो. हा अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे, पण सावली भरपूर. कोहमाऱ्याला मोठी सडक लागते. तिथल्या चहाच्या टपरीवर लाकडी बाक आहेत आणि मालक गूळ घालून चहा देतो. तिथं ट्रकवाले, बैलगाडीवाले, सगळे एकत्र बसतात. मी बसलो तसा शेजारचा माणूस जरा सरकला. तीन दिवस मी रोज दोनदा आंघोळ केली होती. कदाचित तो सहजच सरकला असेल. पण ती बाई कुठं बसून चहा पीत असेल, हे माझ्या मनात आलं.

कोहमाऱ्याहून गोंदियाला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार मिळते. वेळेचा भरवसा नाही. चढ आला की कंडक्टर उतरून भट्टी ढोसतो आणि प्रवाशांना म्हणतो, “उतरिए साब, इंजन को साँस लेने दो.” आम्ही दोनदा उतरलो. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार लावून घेतलं नाही. गल्लीत जाऊन उभा राहिलो. ती आली. माझ्याच वयाची असेल, जरा वाकलेली, एका कानात पितळी बाळी. मला पाहून ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

“तुमचं नाव काय?” मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. “क्या गलती हो गई, बाबूजी?”

नऊ वर्षांत तिचं नाव कोणी विचारलं असेल तर ते तक्रार लिहिण्यासाठीच, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हणालो, गलती नाही, नुसतं विचारतो आहे. तिनं सांगितलं, रमिया. झाकण उघडलं, टोपली काढली आणि ती निघून गेली.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “चर करू म्हणता, पण आपल्या आवारात पन्नास पावलं आहेतच कुठं?” नव्हतीच. विहिरीपासून मागच्या कुंपणापर्यंत मी मोजून आलो, अठ्ठावीस भरली. मग मी आवारात ठिकठिकाणी पाणी ओतून पाहिलं. रामफळाच्या मागं ते कुंपणाकडं उतरतं, विहिरीकडं येत नाही. तिथं चर घ्यावा असं ठरवलं. ठरवलं खरं, पण दिवस जात राहिले. गिरणीत काम होतं, मंडळात लोक प्रवासाची हकिकत विचारत होते, आणि एकदा बाहेर दूर फेकलेली गोष्ट आपल्याच आवारात आणायला हात लवकर पुढं होत नाही. रोज सकाळी ते झाकण वाजायचं. आता मला ते ऐकू यायचं.

मंडळात मी उरलेली पत्रकं चुलीत घातली आणि सगळ्यांना सांगितलं की त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं आणि बाकीची मी न करता सांगितली होती. लोकांना वाटलं मी विनयानं बोलतो आहे.

अखेर परवा रविवारी मी चर खणला. दोन हात खोल. घरातली सगळी तिथं जाऊन आली, कुरकुर करत का होईना. आणि आज सकाळी गल्लीतलं ते पत्र्याचं झाकण उचकटून काढलं, विटा आणल्या आणि भोक बुजवायला बसलो. रमिया नेहमीच्या वेळेला आली. मी तिला सांगितलं की आता या घरचं तिला उचलायचं नाही.

“एक घर कम,” ती म्हणाली.

गिरणीत कोंडा झाडायच्या कामासाठी तिच्याबद्दल बोलून ठेवलं आहे, मालकांनी अजून हो म्हटलेलं नाही. तेही मी तिला सांगितलं. तिनं त्यावर विश्वास ठेवलेला दिसला नाही. ती भिंतीकडं पाहत होती.

“पक्की बाँधो बाबूजी,” ती म्हणाली. “सामनेवालों ने भी बंद किया था. बरसात में फिर खोल दिया.”

मी पाहिलं. खालच्या विटा चुन्यात बसवल्या होत्या. वरच्या दोन ओळी नुसत्या मातीत. चुना संपत आला होता म्हणून, असं मी मनाशी म्हणत होतो. त्या दोन ओळी मी काढल्या, बाजारातून आणखी चुना आणला आणि ती उभी असतानाच पुन्हा बसवल्या.